कॉलेजातून संशोधन प्रस्ताव लिहिताना

नाशिकच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये संशोधनाची गोष्ट काढा, चार विषय हमखास निघतात: कांद्याची साठवणूक, द्राक्षातले औषधांचे अंश, गोदावरीचं प्रदूषण आणि पेठ-सुरगाण्यातलं कुपोषण. विषय अस्सल आहेत आणि दारातच उभे आहेत. तरी निधीसाठी पाठवलेले प्रस्ताव नामंजूर होऊन येतात आणि ‘पैसे शेवटी आयआयटीलाच मिळतात’ असं म्हणून फाइल कपाटात जाते. या तक्रारीत तथ्य आहे. मोठ्या संस्थेचं नाव, तिथली यंत्रं, आधी छापलेले पेपर यांचं वजन पडतंच. पण नामंजूर झालेले प्रस्ताव शांतपणे वाचले की आणखी एक कारण दिसतं, आणि ते आपल्या हातातलं आहे. हे प्रस्ताव विषयावर लिहिलेले असतात, त्यांत प्रश्न नसतो.

प्रश्नाकडे वळण्याआधी पैसा कुठून येतो ते थोडक्यात. विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी वर्षानुवर्षं मुख्य दार होतं ते सर्बचं, म्हणजे २००८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजेच एएनआरएफ, अस्तित्वात आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरून ही संस्था उभी केली आहे, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा अशी कल्पना आहे. जीवविज्ञानासाठी केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे, आरोग्यासाठी आयसीएमआर. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र यांच्यासाठी १९६९ पासून आयसीएसएसआर आहे. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. योजना बदलतात, बंद होतात, नव्या नावाने परत येतात. राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांसाठी सर्बने काढलेल्या ‘शुअर’ योजनेत तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत निधी मिळत असे. ‘टेअर’ योजनेत कॉलेजच्या शिक्षकाला आयआयटी, आयसर किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शकाबरोबर काम करता येत असे आणि निधी दोन्ही संस्थांमध्ये वाटला जाई. सध्या काय सुरू आहे ते संस्थेच्या संकेतस्थळावरच बघावं, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नये.

पात्रतेची अट मात्र पहिल्याच दिवशी वाचा. बहुतेक योजनांमध्ये प्रमुख संशोधक नियमित, पूर्णवेळ शिक्षक असावा लागतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे, पीएच. डी. झालेले, उत्तम काम करणारे कितीतरी जण या एका ओळीमुळे बाहेर राहतात. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. त्यांना नियमात बसतील अशा भूमिकेत प्रकल्पात घेणं आणि पेपरवर त्यांचं नाव योग्य जागी येणं ही प्रमुख संशोधकाची जबाबदारी आहे. कॉलेज यूजीसीच्या १२ बी यादीत, म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र कॉलेजांच्या यादीत, आहे का, हेही कार्यालयातून लेखी घेऊन ठेवा. काही ठिकाणी ते लागतं.

आता प्रश्न. एक शीर्षक घेऊ: ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा साठवणुकीचा अभ्यास’. हे वाचून परीक्षकाला काय कळतं? काहीच नाही. कशाचा अभ्यास, कशासाठी, आणि संपला हे कधी म्हणायचं? परीक्षक म्हणजे कुणी अधिकारी नव्हे. भुवनेश्वर किंवा कोइमतूरला बसलेला, आपल्यासारखाच शिकवणारा एक माणूस आपल्या कामातून वेळ काढून हे वाचत असतो. त्याने लासलगावचा बाजार पाहिलेला नसतो, कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, पाहिलेली नसते. त्याच्यासमोर असे बरेच प्रस्ताव असतात. पहिल्या पानावर त्याला तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत: आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते हा माणूस इथे बसून कसं शोधणार.

कांद्याचंच पुढे नेऊ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव बघत बघत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा बाहेर निघतो. या काळात नुकसान तीन वाटांनी होतं: पाणी उडून वजन घटतं, कोंब फुटतात, आणि सड लागते. हे तिन्ही वेगळे आजार आहेत, त्यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखता येतात. पण कोंब रोखण्यापुरत्या त्या अल्प मात्रेने सड थांबत नाही. राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, साठवणुकीवर तिथे बरंच काम झालेलं आहे, हवेशीर चाळीची रचना सुचवलेली आहे. ‘नाशिकमध्ये कांदा साठवणूक’ असा प्रस्ताव लिहिताना या दोन ठिकाणांचा उल्लेखच नसेल, तर जाणकार परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. पूर्वीच्या कामाचा आढावा हा इतरांच्या पेपरची यादी लावण्याचा भाग नाही. कुंपण कुठपर्यंत आलं आहे आणि आपण कुठून पुढे जाणार, ते त्यातून दिसायला हवं.

मग प्रश्न असा होऊ शकतो: जुलै-ऑगस्टच्या दमट आठवड्यांत चाळीच्या आतल्या थरात आर्द्रता किती वेळ वर राहते, सड तिथूनच सुरू होते का, आणि थराची उंची कमी केली तर ती किती घटते? एका वाक्याचा प्रश्न. उत्तर ‘हो’ आलं तरी उपयोगाचं, ‘नाही’ आलं तरी उपयोगाचं. दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारा प्रश्न हाच चांगला प्रश्न. आणि तो निफाड, येवला, चांदवडच्या चाळीत रोज जाऊ शकणाराच सोडवू शकतो. मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे आपल्यापेक्षा चांगलं यंत्र असेल, पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बारा चाळींमध्ये जाऊन यायला त्याच्याकडे ना विद्यार्थी असतात ना ओळखी. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी चाळ असते. ही आपली ताकद आहे आणि ती प्रस्तावात स्पष्ट लिहायला लाजू नये.

उद्दिष्टं तीनच्या वर नेऊ नका. ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’, ‘जागृती निर्माण करणे’ ही क्रियापदं टाळा, कारण ती कधी पूर्ण झाली हे कुणालाच सांगता येत नाही. ‘मोजणे’, ‘तुलना करणे’, ‘तपासणे’ ही लिहा. आठ-आठ उद्दिष्टं घातलेला प्रस्ताव महत्त्वाकांक्षी वाटत नाही, न विचार केलेला वाटतो.

कामाची पद्धत हा प्रस्तावाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. इथे ‘प्रमाणित पद्धतीने नमुने घेण्यात येतील’ असं एक वाक्य टाकून पुढे गेलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत. परीक्षकाला दिसायला हवं ते असं: बारा चाळी, तीन तालुक्यांतून प्रत्येकी चार. प्रत्येक चाळीत वजन केलेल्या जाळीच्या पिशव्या तीन उंचींवर, तळाशी, मध्ये आणि वर, काही कडेला तर काही पोटात. प्रत्येक ठिकाणी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा छोटा लॉगर. दर पंधरा दिवसांनी पिशवी बाहेर काढायची, वजन करायचं, कोंब आलेले आणि सडलेले कांदे वेगळे मोजायचे. सडलेल्या कांद्यातून बुरशी वाढवून ओळखायची, म्हणजे काळी बुरशी आणि इतर रोग यांचा हिशेब वेगळा लागतो. निम्म्या चाळींत थराची उंची नेहमीची, निम्म्यांत कमी. कुठली चाळ कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. शेवटी आकडेवारीची कुठली चाचणी लावणार तेही लिहायचं. बाराच चाळी का, चोवीस का नाहीत, याचं उत्तर संख्याशास्त्राच्या सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवा. परीक्षक हे विचारतोच.

यातच एक अडचण दडलेली आहे आणि ती फक्त इथल्या माणसालाच दिसेल. ऑगस्टमध्ये लासलगावला भाव वधारला की शेतकरी चाळ रिकामी करतो. त्याने करायलाच हवी, वर्षभराचं गणित त्यावर आहे. पण आपले नमुने त्याबरोबर गेले तर प्रयोग अर्धवट राहतो. उपाय सोपा आहे: पिशव्यांतला कांदा पहिल्याच दिवशी बाजारभावाने विकत घ्यायचा, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात दाखवायची. पण चाळ मोकळी झाली तर पिशवीभोवतीचा ढीगच जातो आणि आतल्या थराची परिस्थिती उरत नाही. म्हणून निदान काही चाळींसाठी शेतकऱ्याशी ठरावीक ढीग ठरावीक तारखेपर्यंत न हलवण्याचा लेखी करार करायचा आणि त्याचा मोबदला द्यायचा. शिवाय दोन-तीन चाळी जादा धरायच्या. असा एक परिच्छेद ‘संभाव्य अडचणी आणि पर्याय’ या मथळ्याखाली लिहिला की वाचणाऱ्याला खात्री पटते, हा माणूस चाळीत उतरून आलेला आहे. अडचणी लपवल्या तर प्रस्ताव मजबूत दिसेल असं वाटतं, प्रत्यक्षात उलट होतं.

त्यासाठी प्रस्तावाआधी थोडं काम करून बघावं लागतं. दोन चाळी, काही पिशव्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पावसाळा. एवढ्यातून निघालेला एक आलेख पूर्वीच्या कामाच्या दहा पानांपेक्षा जड पडतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पातून हे सहज होतं, आणि मुलांनाही खरं काम मिळतं.

आता यंत्रांबद्दल, कारण आपल्याकडचे बरेच प्रस्ताव यंत्रापासून सुरू होतात. विभागात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही, म्हणून एचपीएलसी मिळेल असा प्रकल्प शोधायचा. ही ओढ मला समजते. जुन्या काचसामानावर वर्षानुवर्षं प्रात्यक्षिकं घेणाऱ्याला यंत्र हवंसं वाटणारच. पण परीक्षक विचारतो: तीन वर्षांनी हे यंत्र कोण चालवणार, त्याची देखभाल कोण करणार, आणि जे नमुने आहेत ते दुसरीकडून तपासून घेता येणार नाहीत का? आयआयटी मुंबईतलं सैफ केंद्र बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासतं, विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रांतही अशी सोय असते. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातली यंत्रं कुठे आहेत ते शोधून वेळ मागता येते. तेव्हा ‘नमुना तपासणी शुल्क’ म्हणून रक्कम धरा आणि यंत्र मागायचंच असेल तर जे रोज लागणार आहे तेच मागा. द्राक्षातल्या औषधांच्या अंशांवर काम करणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तेव्हापासून या तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत अतिशय काटेकोरपणे होतात. कॉलेजातल्या नव्या यंत्रावरचा आकडा त्यांच्यासमोर टिकणार नाही. अंश बागेत कधी आणि का वाढतो हा प्रश्न मात्र आपण घेऊ शकतो.

अंदाजपत्रक शेवटच्या रात्री केलं की फसतं. सगळ्यात मोठा खर्च माणसाचा असतो आणि तोच कमी धरला जातो. जानेवारी २०२३ पासून केंद्रीय प्रकल्पांतल्या कनिष्ठ संशोधन फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. त्यावर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता. नाशिक वाय वर्गात येतं, म्हणजे सध्या २० टक्के. पहिली दोन वर्षं कनिष्ठ, तिसरं वरिष्ठ धरलं तर: पहिल्या दोन वर्षांचे महिना ४४,४०० प्रमाणे १०,६५,६०० रुपये, तिसऱ्या वर्षाचे महिना ५०,४०० प्रमाणे ६,०४,८०० रुपये. एकूण १६,७०,४००. प्रकल्प ३० लाखांचा असेल तर निम्म्याहून जास्त इथेच गेले. उरलेल्या तेरा लाखांत लॉगर, रसायनं, काचसामान, तपासणी शुल्क, कांद्याची किंमत, शेतकऱ्यांचा मोबदला, चाळींच्या फेऱ्यांचं भाडं आणि संस्थेचा वाटा बसवायचा. हे गणित आधी केलं असतं तर पंधरा लाखांचं यंत्र यादीत आलंच नसतं. आणखी एक वास्तव: या फेलोशिपसाठी साधारणपणे नेट किंवा गेट उत्तीर्ण उमेदवार लागतो आणि असा उमेदवार पुण्याच्या संस्था सोडून इकडे यायला सहज तयार होत नाही. कमी पात्रतेचं प्रकल्प सहायकाचं पद योजनेत बसत असेल तर ते मागणं शहाणपणाचं. प्रत्येक रकमेपुढे एका ओळीचं कारण लिहा. ‘प्रवास: २ लाख’ यावर कात्री लागते. बारा चाळी, महिन्यात दोन फेऱ्या, सरासरी इतके किलोमीटर, असं लिहिलं की सहसा लागत नाही.

सहकारी संशोधक आणि मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका, काम वाटून घेता येतं का ते बघा. राजगुरुनगरच्या किंवा पुण्याच्या शास्त्रज्ञाचं ‘सहकार्य करू’ असं गुळगुळीत पत्र असून नसून सारखं. ‘बुरशीची ओळख आमच्या प्रयोगशाळेत वर्षाला इतक्या नमुन्यांपर्यंत करून देऊ’ असं पत्र आलं तर ते सोनं. हे पत्र मिळवायला प्रस्तावाची दोन पानं आधी पाठवावी लागतात, फोनवरून काम होत नाही.

भाषेचं म्हणाल तर आपल्यापैकी अनेकांची इंग्रजी अडखळते आणि म्हणून आपण मोठमोठे शब्द वापरतो. सारांश आधी मराठीत, बोलीत लिहून काढा, अगदी ज्याच्या चाळीत जायचं आहे त्या शेतकऱ्याला सांगितल्यासारखा. त्याला कळलं की मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. शेवटी दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला फक्त सारांश वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा, ‘मॅडम, मी नेमकं काय शोधतोय?’ त्यांनी एका वाक्यात सांगितलं तर पाठवा.

सामाजिक शास्त्रांच्या मंडळींना हेच लागू आहे. ‘येवल्यातील पैठणी विणकरांच्या समस्या’ हा विषय झाला. ‘यंत्रमागावरची नक्कल बाजारात आल्यापासून हातमाग सोडलेल्या आणि न सोडलेल्या घरांमध्ये फरक काय’ हा प्रश्न झाला. दुसऱ्यात कुणाला भेटायचं, काय विचारायचं आणि तुलना कशाशी करायची हे आपोआप ठरतं. माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता लागते, आरोग्याच्या विषयात तर हमखास. कॉलेजात अशी समिती नसेल तर शहरातल्या ज्या संस्थेत ती आहे तिच्याशी बोलणी करायला वेळ जातो, म्हणून हे काम सुरुवातीलाच काढा.

नामंजुरीचं पत्र आलं तर त्यातले शेरे दोन गटांत लावा. ‘प्रश्न नवा नाही’ किंवा ‘पद्धतीतून उत्तर निघणार नाही’ हे शेरे गंभीर असतात, त्यावर प्रस्ताव पुन्हा बांधावा लागतो. ‘अंदाजपत्रक जास्त आहे’, ‘सुविधा अपुऱ्या वाटतात’ हे दुरुस्त करता येतात. परीक्षकाने आपलं नीट वाचलंच नाही असं वाटतं तिथे बहुधा आपण नीट लिहिलेलं नसतं, हे कटू आहे पण मानावं. आणि पदोन्नतीच्या गुणांसाठी किंवा कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या तक्त्यासाठी घाईत पाठवलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला ओळखू येतो. गुण मिळतील तेव्हा मिळतील, तीन वर्षं मन लागेल असाच प्रश्न घ्या.

मंजुरीनंतरची एक गोष्ट मात्र प्रस्ताव पाठवण्याआधीच प्राचार्यांशी बोलून घ्या. निधी हप्त्यांनी येतो. पुढच्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल आणि केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, जावं लागतं, आणि ते लेखापरीक्षकाकडून सही होऊन निघायला कॉलेजात वेळ लागतो. मधल्या काळात खात्यात पैसे नसतात, पण फेलोचा पगार आणि पंधरवड्याची फेरी थांबवून चालत नाही. अशा वेळी संस्था आपल्या निधीतून दोन-तीन महिन्यांचा पगार उचल म्हणून देईल का, आणि हप्ता आल्यावर तो वळता करून घेईल का, हे लेखी ठरवून घ्या. प्रकल्पाचं खातं स्वतंत्र ठेवा, बिलांची फाइल पहिल्या दिवसापासून लेखा विभागातल्या एकाच व्यक्तीकडे द्या आणि मार्च उजाडण्याआधी तिच्याबरोबर बसून प्रत्येक बिलावर प्रकल्पाचा क्रमांक आहे की नाही ते तपासा.